पार्किंगची जागा आणि पोढीचं पाणी

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि शेजारी वाद उकळत होता. बोरिवली पूर्वेला राहणाऱ्यांच्या गच्चीवरून संजय गांधी नॅशनल पार्क दिसतं. रात्री दिसतं म्हणजे काय, तर दिव्यांच्या गर्दीत एक मोठा काळा तुकडा दिसतो. त्या तुकड्याकडे बोट दाखवून दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "एवढी जागा पडून आहे. कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत रुंद रस्ता करा, वर मोठं पार्किंग काढा, रात्री लेझर शो ठेवा, मग बघा लोक कसे येतात." पक्ष्यांचे फोटो काढत हिंडणारी पहिल्या मजल्यावरची मुलगी तडकली. "लोक येतात हाच तर प्रॉब्लेम आहे, काका. पाच वर्षं गेटला कुलूप लावा. जंगल स्वतःचं स्वतः बघून घेईल." मग गच्चीवर सरळ दोन तट पडले. दूध ढवळायचं काम माझ्याकडे होतं. मी ऐकत राहिलो आणि दूध बुडाला लागलं. त्याबद्दल जी बोलणी बसली ती वेगळी.

हा वाद आमच्या गच्चीपुरता नाही. खासगी गाड्या आत सोडायच्या का, सकाळी फिरायला येणाऱ्यांना किती वेळ द्यायचा, तिकीट वाढवलं तर गर्दी हटेल का, हे प्रश्न अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन बसतात. एक टोक म्हणतं माणूस बाहेर काढा, दुसरं म्हणतं गिऱ्हाईक आत आणा. दोन्ही बाजूंचा आवेश खरा आहे, पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे: जंगल ही एक वस्तू, लेणी ही त्या जंगलात चुकून राहिलेली दुसरी वस्तू, आणि माणूस हा या दोघांच्या बाहेरचा पाहुणा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कान्हेरी बंद करू नये, आणि गाडी लेण्याच्या तोंडाशी लावता येईल इतकी सोपीही करू नये. तिथे पायी जावं. ज्यांना चालवत नाही त्यांनी सगळ्यांच्या बसने जावं. हे मी गांधीवादी साधेपणाच्या हौसेने म्हणत नाही. ही जागा पायी येणाऱ्या माणसांसाठीच खोदली गेली आहे, आणि तसं येणं चालू राहिल्यामुळेच ती इतकी शतकं अर्थपूर्ण राहिली. माणूस इथला पाहुणा नाही, तो या मांडणीचा भाग आहे. प्रश्न किती माणसांनी यायचं याच्याइतकाच, किंबहुना जास्तच, कसं यायचं याचा आहे.

मुळात कान्हेरी आहे काय? शंभराहून अधिक लेणी, एकाच डोंगरात. लेखांत या डोंगराला कृष्णगिरी म्हटलं आहे, त्याचंच कण्हगिरी आणि मग कान्हेरी झालं. काळ्या कातळातलं हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालं आणि हजारभर वर्षं चालू राहिलं. अजिंठ्याला लोक चित्रांसाठी जातात, वेरूळला कैलासासाठी. इथे तसं एक काही दाखवता येत नाही. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, भव्य आहे, त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना जवळजवळ सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत, एक्केचाळीस नंबरमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. पण कान्हेरीचं खरं आश्चर्य म्हणजे ती बौद्ध भिक्षूंची राहती वस्ती होती. झोपायचे ओटे, बसायचे बाक, एका लेण्यातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या खडकातच कोरलेल्या पायऱ्या, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाणी. बहुतेक विहारांच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहायच्या लेण्यांच्या, दाराशी खडकात खोदलेलं टाकं आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हणतात. कातळावर पडणारा पाऊस बारीक पन्हळींतून वळवून पोढीत घ्यायचा आणि तो पुढचा पावसाळा येईपर्यंत पुरवायचा, अशी ही व्यवस्था. कोणी लेणं दान दिलं तर सोबत पोढीही दिल्याची नोंद लेखात सापडते. आणि दान देणारे कोण? कल्याणचा लोहार, सोपाऱ्याचा मणिकार, व्यापारी, भिक्षुणी. चैत्यगृहाचं काम दोन व्यापारी भावांनी करवलं, तेही यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकात. म्हणजे बंदरांतून घाटाकडे जाणाऱ्या रहदारीने हा डोंगर पोसला. तो एकांतात होता, पण एकटा कधीच नव्हता.

आता हेच लेणं जंगलातून उचलून बाजूला काढून पाहा. कल्पना करायची गरज नाही. अंधेरीची महाकाली लेणी पाहा, जोगेश्वरीची पाहा, आमच्याच बोरिवली पश्चिमेचं मंडपेश्वर पाहा, ज्याचं पोर्तुगिजांनी चर्च केलं होतं. तिन्ही जागा कायद्याने संरक्षित आहेत. तिन्ही ठिकाणी खांब आहेत, कोरीव काम आहे. पण भोवतालचा डोंगर गेला आणि शहर कुंपणाला येऊन टेकलं. तिथे गेल्यावर शिल्प दिसतं, पण इथे कोणी का राहिलं असेल हे काही केल्या कळत नाही. कान्हेरीला ते पायांना कळतं. तुळशी तलावाकडून येणारा वारा लागतो, खाली नाला वाजतो, वरच्या टप्प्यावर गेलं की दूरची खाडी दिसते. संग्रहालयात वस्तूखाली चिठ्ठी लावतात. इथे ते चिठ्ठीचं काम जंगल करतं. दोन खात्यांची दोन तिकिटं आहेत, उद्यानाचं खाली आणि पुरातत्त्वाचं वर. प्रशासनाच्या सोयीने ते असेलही, पण त्या दोन तिकिटांनीच आपल्याला दोन वस्तू आहेत असं समजायची सवय लावली आहे.

आता कुलूपवाल्यांकडे वळू. त्यांची बाजू लेचीपेची नाही. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी कान्हेरीचा नाला पाहा: पाण्यापेक्षा माणसं जास्त. चिप्सची पाकिटं, माकडांना केळी, मोबाइलवर गाणी, निसरड्या कातळावर सेल्फी. विहारांच्या भिंतींवर बदामात कोरलेली नावं. गर्दीने पायवाट रुंदावते, रुंदावलेल्या वाटेने माती वाहते, हे मला मान्य आहे. त्यांच्याकडे जगातला सगळ्यांत वजनदार दाखलाही आहे. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० साली सापडली. हजारो वर्षं अंधारात सुखरूप राहिलेली चित्रं लोकांच्या श्वासाने, दिव्यांनी आणि उष्णतेने पंधरा-वीस वर्षांत खराब होऊ लागली. १९६३ साली गुहा लोकांसाठी बंद केली, आणि पुढे १९८३ पासून शेजारी प्रतिकृती दाखवायला सुरुवात झाली. दार वेळेवर लावलं म्हणून जे उरलं ते उरलं. मग कान्हेरीला वेगळा न्याय का?

कारण लास्को हवाबंद होती आणि कान्हेरी कधीच नव्हती. लास्कोची चित्रं माणसाच्या वर्दळीसाठी घडवलेल्या जागेत नव्हती. कान्हेरीच्या ओसऱ्या वर्दळीसाठीच उघड्या ठेवल्या आहेत. उघडा कातळ दोन हजार पावसाळे झेलून उभा आहे, त्याला माझ्या श्वासाने काही होत नाही. माझ्या हातातल्या टोकदार दगडाने मात्र होतं. म्हणजे बंदोबस्त दगडाचा करायचा की श्वासाचा? चौतीस नंबरच्या लेण्याच्या छतावर बुद्धाच्या अपुऱ्या राहिलेल्या चित्रांचे अंश आहेत. तिथे आत जाण्यावर कडक बंधन घाला, मी पहिला पाठिंबा देईन. पण एका छतासाठी शंभर ओसऱ्या बंद करणं म्हणजे देवघरातली समई विझेल म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या चिणून टाकणं.

भिंतीवरच्या नावांवरून एक गंमत सांगतो, कारण तिने माझीही पंचाईत केली आहे. कान्हेरीच्या नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवीतले, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. त्यांत धर्मतत्त्व नाही, दान नाही. काही पारशी मंडळी इथे येऊन गेली, त्यांनी आपली नावं आणि तारीख कोरून ठेवली, बस्स. तोवर लेण्याचा भर ओसरत आला होता, तरी माणसं पाहायला येत होती. आज आपण त्या नावांसमोर आदराने उभे राहतो, संशोधक त्यावर लेख लिहितात, आणि बाजूच्या भिंतीवरच्या 'राहुल लव्ह पूजा'साठी पोलिसात द्यावं म्हणतो. मी काही राहुलची वकिली करत नाही. हजार वर्षांपूर्वी वर्षाला किती जण चढत असतील आणि आज एका रविवारी किती चढतात याचा हिशोब वेगळा आहे, दंड व्हायलाच हवा. पण ज्यांना 'पर्यटक' हा शब्द विसाव्या शतकात जन्मलेला रोग वाटतो त्यांनी नव्वद नंबरला एकदा जाऊन यावं. या डोंगराला पाहणारा माणूस नवीन नाही.

कुलूपवाल्यांचा दुसरा मुद्दा बिबट्याचा. उद्यानात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, २०१८ च्या कॅमेऱ्यांच्या मोजणीत ४७ निघाले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत, आणि भोवती मुंबई नि ठाणे. इतक्या दाटीत माणसाला आत सोडायचं म्हणजे दोघांचाही घात, असं ते म्हणतात. ऐकायला पटतं. पण २००४ साली जे हल्ले झाले आणि ज्यांनी अख्खं शहर हादरलं, ते बहुतेक काठावरच्या वस्त्यांत, रात्री, संध्याकाळी झाले. दिवसा कान्हेरीच्या रस्त्याने चालणाऱ्यांवर नाही. बिबट्या जंगलाबाहेर येतो तो उकिरड्यावरच्या कुत्र्यांसाठी, आणि उकिरडा आपण कुंपणाबाहेर करतो. शिवाय माणसाने जनावराला उचलून 'योग्य' जागी नेऊन टाकण्याचा उपाय कसा उलटतो हे जुन्नर भागातल्या अभ्यासांनी दाखवून दिलं आहे: पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, तर जिथे सोडले तिथे हल्ले वाढले. बिबट्याला बाहेर काढून माणूस सुरक्षित होत नाही, हे आता आपल्याला पटलं आहे. मग माणसाला बाहेर काढून बिबट्या सुरक्षित होईल, हे कुठल्या हिशोबाने?

आणि खरंच, हे जंगल वाचलं कशामुळे? लोक समजतात, कोणा निसर्गप्रेमी साहेबाने राखलं. वाचलं ते नळामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या विहिरी आणि तलाव वाढत्या वस्तीला पुरेनासे झाले, तेव्हा शहराने उत्तरेच्या डोंगरांकडे पाहिलं. १८६० साली विहार तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशी. त्या तलावांत उतरणारं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचे डोंगर राखले गेले. आज शहराची तहान भातसा आणि वैतरणा भागवतात, आणि ८०४.६ कोटी लिटरांची तुळशी त्या हिशोबात चिमुकली वाटते, पण तिने आपल्या पाणलोटाचं जे जंगल टिकवलं त्याची किंमत लिटरात मोजता येणार नाही. पाण्यासाठी डोंगर राखायचा ही बुद्धी पालिकेची नवी नव्हे, पोढ्या खोदणाऱ्यांना ती आधीच होती. दोन्ही वेळा जंगल राहिलं, कारण माणसाला त्याची गरज होती आणि ती गरज त्याला ठाऊक होती.

कुलपाने नेमकं हेच तुटतं. ज्या जागेत मुंबईकर कधी गेलाच नाही तिच्यासाठी तो भांडेल का? ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्यानाला लागून असलेल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडं तोडायला सुरुवात झाली. न्यायालयाचा निकाल आला त्याच रात्री. त्या रात्री जी तरुण पोरं धावली, अटकेत गेली, त्यांच्याशी बोलून पाहा. शाळेच्या सहलीला, सायकलवर, पावसात, कधीतरी ती आरेत हिंडलेली होती. पुढच्या वर्षी आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर करावी लागली, ती या ओळखीच्या जोरावर. आज उद्यानाखालून बोगदे जात आहेत, गोरेगाव ते मुलुंड, ठाणे ते बोरिवली. बोगदे हवेत की नकोत हा वेगळा लेख. पण कुलूपबंद जंगलाखालून बोगदा काढायला कोण विचारणार आहे? गेटवर दोनशे लोक कमी झाले याचा आनंद मानणाऱ्यांनी, डोंगराच्या पोटात काय चाललं आहे याची खबर ठेवणारे दोनशे लोकही त्यात कमी झाले, हे धरावं.

आता काकांचा तट. त्यांची टिंगल करणं फार सोपं आहे, म्हणून करत नाही. त्यांच्या बोलण्यात एक खरी वेदना आहे: ज्यांचं लोणावळ्याला घर नाही, ज्यांना महाबळेश्वर परवडत नाही, त्यांच्यासाठी लोकलच्या तिकिटात पोचता येणारा हा एकच डोंगर आहे. मालाडच्या चाळीतल्या पोरांना पावसाळ्यात धबधबा पाहायचा असेल तर जायचं कुठे? माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातली पहिली झुकझुक गाडी म्हणून पार्कातली वनराणीच पाहिली. २०२१ च्या तौक्ते वादळाने तिची वाट लावली तेव्हा लोक हळहळले ते उगाच नाही. पार्क हे गरिबांचं हिल स्टेशन आहे, आणि गर्दी कमी करायची म्हणून तिकीट वाढवायचं म्हटलं की आधी तेच गाळले जातात. गाडीवाला येतच राहतो. तिकीट वाढवून जंगल वाचवू पाहणारे शेवटी जंगल कोणासाठी वाचवतात?

इथवर मी काकांच्या बाजूचा. पण पार्किंग आणि लेझर शो कोणासाठी? चाळीतल्या पोराकडे गाडी नाही. लेण्याशेजारी डांबर ओतून जी सोय होते ती ज्यांची आधीच सोय आहे त्यांची. आणि सोय करताना आपण वस्तूचं काय करतो याचा एक दाखला मुंबईतच उभा आहे. घारापुरीला एक दगडी हत्ती होता. पोर्तुगिजांनी बेटाला जे एलिफंटा नाव दिलं ते त्याच्यावरून. एकोणिसाव्या शतकात तो हलवायच्या खटपटीत तुकडे तुकडे झाला. ते तुकडे १८६४ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले आणि १९१४ साली सांधून उभे केले. आजही भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो दिसतो. बसमधून उतरलं की समोर, बोट नको, चढ नको. इतकी सोय, तरी किती जण त्याच्यापाशी थांबतात? मी कित्येकदा उभा राहून पाहिलं आहे: मुलं पेंग्विनकडे पळतात. समुद्र ओलांडून बेटावर पोचणाऱ्याला त्या हत्तीचा जो अर्थ लागला असता तो भायखळ्याला कुठून लागणार? वस्तू माणसाजवळ आणली आणि अर्थ बेटावर राहिला. कान्हेरीच्या दारात गाडी लावायची सोय म्हणजे हेच, फक्त उलट्या बाजूने. हत्ती भायखळ्याला आणला तसं भायखळा कान्हेरीला नेणं.

मुख्य गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर आहेत. हे अंतर अडचण नाही, ते दालनच आहे. त्या रस्त्यावर बाहेरच्या हायवेचा आवाज मागे पडतो, कळकीची बेटं येतात, पावसाळ्याच्या शेवटी ओढ्यांचं पाणी आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. २०२४ साली कारवी फुलली होती, ती आठ वर्षांतून एकदा फुलते. त्याआधी २०१६, त्याआधी २००८. जो गाडीच्या काचेतून गेला त्याला जांभळट झुडपं दिसली. जो चालत गेला त्याला कळलं की संबंध उतार एकाच वेळी फुलला आहे, एकाच वेळी बी टाकून मरणार आहे, आणि पुन्हा दिसेल तेव्हा आपण आठ वर्षांनी म्हातारे असू.

याच कारवीच्या काठ्यांनी घरांचे कूड, म्हणजे भिंती, विणतात. इथून या वादातला सगळ्यांत अवघड भाग सुरू होतो, कारण गच्चीवरच्या दोन्ही तटांनी ज्यांचं नावही घेतलं नाही ती माणसं उद्यानातच राहतात. वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी, काथोडी यांचे पाडे इथे आहेत, वाघोबाला शेंदूर लावणारे. कुलूपवाल्यांच्या स्वप्नातल्या निर्मनुष्य जंगलात त्यांना जागा नाही. लेझर शोवाल्यांच्या स्वप्नात आहे, पण तारपा वाजवून नाचणारी सजावट म्हणून. १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. झोपडपट्टीच्या हजारो घरांसाठी दिलेल्या त्या आदेशाच्या फटकाऱ्यात पाडेही 'अतिक्रमण' ठरायची पाळी आली. वनहक्कांचा कायदा २००६ साली आला, पण पाण्याच्या नळासाठी आणि विजेच्या खांबासाठी भांडणं अजून संपली नाहीत.

याला जुना नमुना आहे. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, आणि त्या डोंगरांत शिकार करत हिंडणाऱ्या शोशोनी, क्रो यांसारख्या मूळ लोकांना परकं ठरवून बाहेर ठेवलं गेलं. 'माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग' ही कल्पना तिथून जगभर गेली. आधी माणसं काढली आणि मग स्पर्श नव्हताच म्हणून सांगितलं. दुसरा नमुना स्वीडनचा. स्टॉकहोममध्ये १८९१ साली स्कान्सन उघडलं, जगातलं पहिलं उघड्यावरचं संग्रहालय. देशभरातली जुनी लाकडी घरं उतरवून तिथे आणून पुन्हा उभी केली, पोशाख घातलेली माणसं आत बसवली. गिरण्या-कारखान्यांच्या रेट्याखाली खेडी मोडत होती, निदान घरं तरी राहावीत, हा हेतू चांगलाच होता. पण ती घरं सोडून गेलेल्यांची होती. आमच्याकडे घरंही जागेवर आहेत, घरातली माणसंही. मग आम्ही यलोस्टोनची नक्कल करायची की स्कान्सनची? यातली कुठलीच का करायची?

पाड्यावरची माणसं लेण्यांपर्यंतच्या वाटेचे जाणते म्हणून पगारावर असावीत, गाइड म्हणून कोपऱ्यात नव्हे तर ज्यांच्याशिवाय आत जाता येत नाही अशी. यात एक धोका आहे आणि तो मला सतावतो. उद्या कोणी घरात डोकावून 'तुमची चूल दाखवा ना' म्हणेल. म्हणेलच, आपण मुंबईकर आहोत. म्हणून पाडा दाखवायचा नाही, वाट दाखवायची. कुठला कंद कधी खातात, कुठल्या ओहोळाला मे महिन्यात पाणी असतं, बिबट्या रस्ता कुठे ओलांडतो, हे सांगणारा माणूस स्वतः प्रदर्शन होत नाही. शाळेच्या सहलीला एक शिक्षक जातो, तसा इथे तो एक जाणता.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. त्याचंही उत्तर कान्हेरीच्या भिंतीवर कोरलेलं आहे. नवव्या शतकात, अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या आणि त्याच्या शिलाहार मांडलिकांच्या राज्यात, गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या एका उपासकाने इथल्या संघाला शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, दिले, खर्चून टाकायला नव्हे तर कायमची ठेव म्हणून. त्याआधीच्या लेखांतही असा अक्षयनिधी दिसतो: शेत किंवा रक्कम लावून द्यायची, मुद्दल हलवायचं नाही, उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांना ठेव आणि व्याज यांतला फरक कळत होता, त्यांच्या वारसांना तिकिटाचे पैसे त्याच डोंगरावर, त्याच बसवर, त्याच जाणत्यांच्या पगारावर खर्च व्हावेत एवढं लेखी लिहून घेता येणार नाही? तिकीट कमी ठेवा, गाडीवर मात्र कर लावा. अगदी जबर, गाडी घरी राहील इतका.

गर्दीचं काय, असं ती पहिल्या मजल्यावरची मुलगी विचारेल. गर्दी होईल. सगळे एकाच नाल्यावर, एकाच रविवारी, अकरा ते चार येतात म्हणून ती तशी दिसते. आता लोक वर पोचतात ते गाडीने थेट नाल्यापाशी, शंभर लेण्यांपैकी तीन पाहतात आणि पाण्यात उतरतात. सहा किलोमीटर चालून आलेला माणूस धबधब्यात बाटल्या फोडत नाही असा माझा दावा नाही, फोडणारे चालूनही येतील. पण बाटल्यांचं खोकं सहा किलोमीटर डोक्यावर कोण वाहतो? अडथळा कधीकधी पहारेकऱ्यापेक्षा स्वस्त आणि इमानदार असतो. आणि पावसाचा जोर असेल त्या दिवसांत नाल्यात उतरण्यावर सरसकट बंदी हवी, त्यात वाद नको. भिक्षूसुद्धा वर्षावासात हिंडत नव्हते, एका जागी बसत होते.

राहिली एकच खरी अडचण: ज्यांना चालवत नाही ते. माझी आई पंचाहत्तरीला आली, गुडघे बोलतात. कोजागिरीनंतरच्या एका मंगळवारी (सोमवारी पार्क बंद असतं हे विसरून आदल्याच दिवशी गेटवरून परत फिरलो होतो) तिला बसने घेऊन गेलो. बसमध्ये आमच्याशिवाय एक शाळेची तुकडी होती आणि डब्याच्या पिशव्या घेऊन निघालेल्या पाड्यावरच्या दोन बाया. आई त्यांच्याशी माठाच्या भाजीवर बोलत राहिली, मला वाटेतलं जंगल दाखवायचं होतं ते राहून गेलं. वर पोचल्यावर तीन नंबरच्या पायऱ्या ती हळूहळू चढली. बुद्धाच्या पायांशी उभी राहून वर बघून झालं, मग दम खायला एका विहाराच्या ओसरीतल्या बाकावर टेकली. बाकाची उंची तिच्या गुडघ्यांना बरोबर बेतलेली. "कोणी केलंय, विचार करून केलंय," म्हणाली. मग तिला शेजारचं टाकं दिसलं. हाताने कठड्याचा आधार घेत तिने आत वाकून पाहिलं. शेवाळ, दोन पिंपळपानं, आणि खाली काळं, थंड पाणी.

"अजून आहे की गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

परतीच्या बसला पंचवीस मिनिटं होती. आम्ही तिथेच बसलो.